मुदतीआधीची मोकळीक : लालबर्रा भागातील गहाण, कर्जफेड आणि घरचं बियाणं

बँकेचं घरकर्ज मुदतीआधी फेडायचं ठरवलं तर आज आपल्याला कोणी अडवत नाही. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ५ जून २०१२ रोजी बँकांना दिला. त्याआधी हा दंड सर्रास लागायचा. पैसे असूनही कर्जातून सुटायला वेगळे पैसे मोजायचे, हे आपल्याला विचित्र वाटतं. पण आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातला शंभर वर्षांपूर्वीचा शेतकरी हे ऐकून हसला असता. त्याच्या गहाणखतात मुदतीआधी फेडण्याची सोयच बहुतेक नसे, मग दंडाची गोष्ट कुठली?

या लेखाचा विषय हाच. कर्ज किती होतं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. कर्जातून बाहेर पडायचा दरवाजा कुठे होता, त्याला कुलूप कोणी लावलं आणि ते कसं निघालं, याकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही.

सुरुवात जमिनीच्या मालकीपासून करावी लागते. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. लालबर्रा हा त्यातला घाटाखालचा, धानाचा आणि तलावांचा मुलूख. १८५३ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि पुढच्या बंदोबस्तात इंग्रजांनी सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक ठरवलं. मालकी मिळाली म्हणजे सन्मान वाढला, हे खरं. पण त्याच दिवशी गाव ही गहाण ठेवता येणारी वस्तू झाली. भोसल्यांच्या काळातला पाटील गाव गहाण टाकायला गेला असता तर त्या कागदाला कोण किती किंमत देणार होतं? आता ब्रिटिश कोर्ट मागे उभं होतं. गावाचे सोळा आणे धरायचे आणि त्यातला चार आणे, दोन आणे हिस्सा लिहून द्यायचा, अशी पद्धत पडली. भाऊबंदांत वाटण्या होत गेल्या तसे आण्याचे पै झाले, आणि पैसुद्धा गहाण पडू लागले.

रयतेचं वेगळं होतं. कुळाच्या हक्काच्या हस्तांतरणावर कायद्याने बंधनं होती, म्हणून कुळाला मोठं कर्ज सहसा मिळत नसे. त्याचं कर्ज धान्याचं. पेरणीला बियाणं न्यायचं आणि खळ्यावर सवाईने किंवा दिढीने परत करायचं. सवाई म्हणजे खंडीला सव्वा खंडी, दिढी म्हणजे दीड खंडी. ऐकायला सौम्य वाटतं. आता माझ्यातल्या इंजिनिअरला जरा हिशेब करू द्या. ज्येष्ठात घेतलेलं धान मार्गशीर्षात परत करायचं, म्हणजे सहा महिने. सहा महिन्यांना २५ टक्के म्हणजे वर्षाला ५०, आणि दिढी असेल तर १००. त्यात पेरणीच्या वेळी धान महाग आणि खळ्यावर स्वस्त. सावकाराने नेताना धानाचे रुपये करून वहीत लिहिले आणि परत घेताना खळ्याच्या भावाने मोजले, तर व्याज याहूनही वर गेलं. म्हणून माझं मत असं की, आपल्या भागात आर्थिक स्वातंत्र्याची पहिली पायरी जमीन सोडवणं ही नव्हतीच. पहिली पायरी म्हणजे कोठीत घरचं बियाणं असणं. ज्याचं बियाणं घरचं, त्याचं पुढच्या हंगामाचं पीक आधीच विकलेलं नसे. त्यानंतरची पायरी म्हणजे नव्या पिकापर्यंत पुरेल एवढं खायचं धान. गहाण सोडवायचा विचार त्याच्याही नंतरचा. हल्ली सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, मग कर्ज लवकर फेडा, असा सल्ला देतात. कोठीचं गणित तेच होतं, फक्त रुपयांऐवजी खंडीत.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी ही कोठीच रिकामी केली. बियाणं खाल्लं गेलं, बैल गेले, आणि ज्यांच्याकडे गहाण टाकण्यासारखं काही होतं त्यांनी ते टाकलं.

गहाणाचे प्रकार समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नजरगहाणात जमीन मालकाकडेच राही आणि व्याज चढत जाई. कब्जेगहाणात जमीन सावकाराच्या ताब्यात जाई आणि पीक व्याजापोटी कापलं जाई. नजरगहाणात घात करायचं ते चक्रवाढ. शंभर रुपये, शेकडा दरमहा दोन रुपये, म्हणजे वर्षाला २४. सरळ व्याजाने दहा वर्षांत ३४० होतात. दर वर्षअखेरीस व्याज मुद्दलात मिळवलं तर साडेआठशेच्या वर जातात. कागदावर फरक एका ओळीचा, गावात फरक अख्ख्या वावराचा.

कब्जेगहाणात रक्कम वाढत नसे, आणि फास तिथेच होता. शंभराचे शंभरच राहायचे, वीस वर्षांनीही. पण ते एकरकमी द्यायचे. थोडे थोडे घेऊन वावर थोडं थोडं सोडायला सावकार बांधील नव्हता. आणि ज्याचं तलावाखालचं चांगलं वावर दुसऱ्याच्या ताब्यात, त्याने एकरकमी पैसे उभे करायचे कशातून? बाहेरच्या रोख मजुरीतून, घरच्या बायकांच्या चांदीतून, नाहीतर बैलजोडी विकून. गोंदिया ते जबलपूर ही सातपुड्याची छोटी रेल्वे १९०३ ते १९०५ च्या दरम्यान सुरू झाली, बालाघाटजवळ मँगनीजच्या खाणी निघाल्या, पुढे बिडीचं काम आलं. या सगळ्याला आपण उद्योगाचा इतिहास म्हणतो. घरच्या बाजूने पाहिलं तर ती हातात रोकड येण्याच्या वाटांची यादी आहे, आणि गहाण सुटायचं ते रोकडीने.

आता कुलुपाकडे येऊ. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६० गहाणदाराला जमीन सोडवण्याचा हक्क देतं. हा हक्क फार मजबूत आहे, करारात लिहूनही तो काढून घेता येत नाही. मुदत संपल्यावर पैसे नाही दिले तर जमीन आमची, असं खतात लिहिलं तरी कोर्ट ते मानत नाही. पण त्याच कलमात एक छोटी अट आहे. हा हक्क रक्कम देय झाल्यावर उगवतो. खतात पंधरा वर्षांची मुदत असेल आणि चौथ्या वर्षी तुमच्या हातात पैसे आले, तर खतात तशी मुभा नसल्यास सावकार म्हणू शकतो, पंधरा वर्षांनी या. तोवर पीक त्याचं. लांब मुदत ही कर्जदारावरची मेहेरबानी वाटे, पण कब्जेगहाणात ती सावकाराची सोय होती. जुनी खतं वाचणाऱ्यांनी आधी रक्कम न पाहता मुदत पाहावी, असं मी म्हणतो ते यासाठी.

मुदत किती लांब असू शकते? १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सेठ गंगाधर विरुद्ध शंकरलाल या खटल्यात पंच्याऐंशी वर्षांची मुदत आली होती. नुसती मुदत लांब आहे एवढ्यावरून ती अन्यायकारक ठरत नाही, असा निर्णय झाला. १९८९ मध्ये गुजरातच्या पोमल कांजी गोविंदजी खटल्यात मात्र नव्व्याण्णव वर्षांची अट ही हक्काला घातलेली अडसर ठरवली गेली. म्हणजे गहाण टाकणाऱ्याची अडचण किती होती, सौदा किती एकतर्फी होता, हे पाहायचं. लवकर फेडण्याचा प्रश्न किती उशिरापर्यंत कोर्टात चालला, हे यावरून दिसतं.

मुदत भरल्यावरही सावकार पैसे घ्यायला टाळाटाळ करी. त्यावर कलम ८३ ची सोय होती, रक्कम कोर्टात जमा करायची. नीट देऊ केल्यावर व्याज तिथेच थांबे. पण लालबर्ऱ्याहून बालाघाटच्या कोर्टापर्यंत जाऊन हे करणारा शेतकरी हा आधीच निम्मा सुटलेला शेतकरी म्हणायचा.

सर्वांत मोठा घात शब्दांनी झाला. गहाणखताऐवजी विक्रीखत करायचं, आणि अमुक वर्षांत पैसे दिल्यास जमीन परत विकेन असा करार करायचा. १९२९ च्या दुरुस्तीने ठरवलं की परत देण्याची अट त्याच दस्तऐवजात असेल तरच त्याला गहाण मानायचं. हेतू गोंधळ मिटवण्याचा होता. पण दोन वेगळे कागद करून घेणाऱ्यांना रस्ता साफ झाला. दुसरा कागद हरवला की उरली ती शुद्ध विक्री. आपल्याकडे कित्येक घरांत म्हातारी माणसं सांगतात, ‘आमची जमीन गहाण होती, सावकारानं खाल्ली.’ त्यातल्या काही जमिनी कागदोपत्री गहाण नव्हत्याच, अशी मला दाट शंका आहे.

१९३० च्या आसपास शेतमालाचे भाव कोसळले. कर्ज रुपयांत, पीक खंडीत. भाव निम्मा झाला की तेच कर्ज फेडायला दुप्पट धान लागतं, व्याज एक पैसा न वाढताही. तेव्हा सरकारला हलावं लागलं. मध्य प्रांताचा १९३३ चा कर्ज समझोता कायदा हा ब्रिटिश प्रांतांतला अशा प्रकारचा पहिला. मंडळासमोर सावकार आणि ऋणको यांना बसवायचं, एकूण कर्जापैकी किमान ४० टक्के ज्यांचं आहे ते सावकार तयार झाले की करार नोंदवायचा आणि हप्ते बांधून द्यायचे. जो सावकार वाजवी तोडगा नाकारेल, त्याच्याविरुद्ध मंडळ दाखला देई. मग त्याला दाव्याचा खर्च मिळत नसे आणि त्या तारखेपासून सहा टक्के सरळ व्याजापेक्षा जास्त काही नाही. मला हे कलम फार आवडतं. सावकाराला तुरुंगाची भीती न घालता फक्त त्याचं थांबून राहणं महाग केलं. एरवी थांबण्याची किंमत नेहमी शेतकरीच मोजत आलेला.

१९३४ च्या सावकारी कायद्याने हिशेबाची प्रत ऋणकोला देणं बंधनकारक केलं, आणि थकलेल्या व्याजाचा हुकूमनामा मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये असं ठरवलं. दामदुप्पट मराठी माणसाला नवीन नाही, पण इथे ती कायद्याच्या कलमात आली. १९३९ मध्ये कर्जनिवारण न्यायालयं आली, त्यात मुद्दलातच काट होती, आणि कर्ज जितकं जुनं तितकी काट जास्त.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. त्या कायद्यात मालगुजारांची गहाणाची कर्जं ठरवण्यासाठी वेगळे अधिकारी नेमायची तरतूद होती, कारण गावच गेलं तर गावावरच्या गहाणाचं काय, हा प्रश्न उरत होता. रयतेला लगानाच्या काही पट रक्कम भरून मालिक मकबुजा होता येत होतं. एकदाच भरा आणि वरच्या दर्जाचे व्हा, अशी ती सोय.

कुलूप खऱ्या अर्थाने निघालं ते १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेत. कलम १६५ म्हणतं की कब्जेगहाण सहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं असू शकत नाही, आणि सहा वर्षं झाली की एक पैसा न देता ते फिटलं असं समजायचं, ताबा लगेच परत. सहा वर्षांच्या पिकात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, हे कायद्याने मान्य केलं. त्याच कलमात गहाण ठेवताना पाच एकर ओलिताची किंवा दहा एकर कोरडवाहू जमीन बोजाशिवाय शिल्लक राहिली पाहिजे, हीही अट आहे. कोठीतलं बियाणं राखण्याची जुनी समज इथे जमिनीला लावलेली दिसते.

तेव्हा घरात जुने कागद असतील तर पाणी लागायच्या आत बघा. खताच्या पाठीवर वसुलाच्या नोंदी आहेत का, शेवटी ‘भरपाई’ लिहिली आहे का, मुदत किती, ताबा कोणाकडे, आणि परत देण्याची अट त्याच कागदात आहे की दुसऱ्या. ते बंदोबस्ताच्या मिसलीशी आणि खसऱ्याशी ताडून पाहा. हे फक्त हौसेचं काम नाही. कब्जेगहाण सोडवण्याचा हक्क नुसता काळ गेल्याने बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सिंग राम विरुद्ध शिवराम खटल्यात सांगितलं आहे.