मी, आम्ही आणि तुकड्या : गीतांतील शब्दांवरून मनाचा शोध



रोग्याची हकिकत त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, मध्ये बोलू नये, असे होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी आपल्या ‘ऑर्गेनॉन’ ग्रंथात बजावून ठेवले आहे. म्हणून गीतांतले शब्द मोजून गीतकाराचे मन जाणण्याची पद्धत वाचनात आली, तेव्हा ती मला ओळखीची वाटली.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९९०च्या दशकात यासाठी संगणकाची एक प्रणाली तयार केली. ती मजकुरातला प्रत्येक शब्द कोशाशी ताडते आणि ‘मी’, ‘आम्ही’, सुखाचे शब्द, दुःखाचे शब्द यांचे प्रमाण सांगते. २००१ साली त्यांनी शॅनन स्टर्मन यांच्यासह आत्महत्या केलेल्या नऊ कवींची तुलना इतर नऊ कवींशी केली. पहिल्या गटाच्या कवितांत ‘मी’ अधिक आढळला. २००८ साली इंग्लंडच्या बीटल्स या गायकवृंदाच्या गीतांवरही अशीच मोजणी प्रसिद्ध झाली.

हीच पट्टी आपल्या खंजिरीवाल्या तुकडोजी महाराजांना लावली तर? १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावलीस जन्मलेले माणिक इंगळे हे त्या काळी आपल्याच प्रांतातले. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बालाघाट आणि अमरावती या दोन्हींची राजधानी नागपूरच होती. मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत ते भजने रचत आणि स्वतः गात. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले, कारण त्यांच्या भजनांनी माणसे उठत होती.

पण मोजायला बसले की पहिली अडचण मराठीचीच. ‘मी जातो’ आणि ‘तो जातो’ यांत क्रियापद एकच. गाण्यात नुसते ‘जातो’ आले, तर यंत्राने ते कोणाच्या खाती टाकावे? दुसरी अडचण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. इंग्रजीला दोहोंसाठी एकच शब्द पुरतो. तिसरी अडचण नाममुद्रेची. गुरू आडकोजी महाराजांनी ‘तुकड्या’ म्हटले, तेच नाव भजनाच्या शेवटी येते. आमच्या जैन पदांतही ‘आनंदघन’ असाच येतो. यंत्र त्याला तिसरा माणूस समजेल, पण बोलणारा तोच असतो.

हिंदी भजनांत चौथी अडचण येते, आणि ती मला दवाखान्यात शिकायला मिळाली. वैद्यकीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक वृद्ध बाई सांगत, “हमको नींद नहीं आती.” आपल्या भागात एकटा माणूसही ‘हम’ म्हणतो, म्हणून मी कागदावर एकट्या बाईंचा निद्रानाश लिहिला आणि औषध दिले. गुण आला नाही. तिसऱ्या खेपेस विचारले, तेव्हा कळले की नवऱ्याच्या आजारपणात त्या आणि त्यांची सून दोघी रात्र रात्र जागत होत्या. शब्द मी बरोबर टिपला होता. त्यात कोण कोण आहे, हे विचारले नव्हते.

तुकडोजींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच मोठा. तरुणपणी ते रामटेक, सालबर्डीच्या रानांत एकांतात राहिले. पुढे मोझरीला गुरुकुंज उभा राहिला आणि सामुदायिक प्रार्थना सुरू झाली. एकांतातून समुदायाकडे झालेला हा प्रवास भजनांच्या सर्वनामांत उमटला आहे का, हे खरोखर मोजण्याजोगे आहे. मात्र ‘मी’, ‘आम्ही’, ‘आपण’ आणि नाममुद्रा असे चार ढीग वेगळे करावे लागतील, हिंदीतला ‘हम’ प्रत्येक ठिकाणी संदर्भ पाहून लावावा लागेल, आणि क्रियापदात दडलेला कर्ता हाताने शोधावा लागेल.

एवढे करूनही ते महाराजांच्या मनाचे निदान ठरणार नाही. भजनाचे ध्रुपद सगळी मंडळी उचलते, तेव्हा त्यातला ‘मी’ प्रत्येक गाणाऱ्याचा होतो. कवीने एकट्याने लिहिलेल्या कवितेची पट्टी तिथे तशीच चालत नाही. त्या मोजणीतून कळलेच, तर १९४२च्या आसपास आपल्या आजोबा-पणजोबांच्या मनात काय होते, ते थोडेफार कळेल. आपल्यापैकी ज्यांच्या घरी त्या काळच्या भजनांच्या वह्या असतील, त्यांनी त्या जपून ठेवाव्यात. ते काम सुरू करायचे, तर त्या वह्यांपासूनच करावे लागेल.