आजोबांची खोली, बाबांचा फ्लॅट आणि माझं लीज



भारतातून फोन आला की तब्येतपाणी, पाऊस आणि सोन्याचा भाव झाल्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे "घर कधी घेताय?" आमच्याकडे हा प्रश्न बाबा विचारतात. न्यू जर्सीत दहा वर्षं झाली, पगार बरा आहे, मुलगी शाळेत जायला लागली, आणि तरी दरवर्षी लीजवर सही. त्यांच्या हिशेबाने मी अजून 'सेटल' झालेलो नाही.

गंमत म्हणजे बाबांचे वडील, माझे आजोबा, जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिले आणि त्यांना कधी कुणी असं म्हटलं नाही. उलट गावाकडून मुंबईत येणाऱ्या प्रत्येकासाठी ते म्हणजे 'मुंबईत जम बसलेला माणूस'. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, इतिहासाशी संबंध दहावीपर्यंतचा. पण या एका कोड्यामुळे थोडं वाचत गेलो, आणि माझं मत असं झालंय की घराघरांत ज्याला आपण काटकसर, संस्कार किंवा 'आजकालच्या मुलांची उधळपट्टी' म्हणतो, त्यातलं बरंचसं भाडेकायदा, कर्जाची सोय आणि नोकरीचा करार या तीन गोष्टींनी ठरवलेलं असतं. ते कसं, ते आमच्याच घराच्या निमित्ताने सांगतो. आमचं घर काही खास नाही, म्हणूनच उदाहरण म्हणून बरं.

कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत लालबाग, परळ, वरळी, भायखळा हे गिरणगाव उभं राहिलं. पण गिरण्या झाल्या तशी घरं झाली नाहीत. आलेले बहुतेक पुरुष एकटे. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे होत्या! कुटुंब गावाला, माणूस मुंबईत, आणि मधे मनीऑर्डर. एका गावची माणसं मिळून एक खोली घेत, पाळीप्रमाणे झोपत (पहिल्या पाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा), आणि जेवत खानावळीत. म्हणजे घर हे मुंबईत नव्हतंच. ते कोकणात किंवा घाटावर होतं. मुंबईत होती ती फक्त जागा.

'मोठं होणं' ही भानगडही निराळीच. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. सात! १८९१ मध्ये ते वय नऊ झालं, १९२२ मध्ये बारा, आणि १९४८ च्या कायद्यात चौदा. रविवारची सुट्टीसुद्धा आपोआप मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे ती १८९० मध्ये मिळाली. (इथे शुक्रवारी दुपारपासून 'वीकेंड'चे बेत आखणाऱ्या आपल्या मंडळींनी लोखंड्यांची आठवण काढायला हरकत नाही.)

आजोबा १९४५ च्या सुमाराला, सोळा-सतरा वर्षांचे असताना, रत्नागिरी जिल्ह्यातून एका गाववाल्याबरोबर आले. आधी बदलीवाला. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी कायम कामगार आला नाही तर काम, नाहीतर परत. साचाखात्यात कायम व्हायला त्यांना काही वर्षं लागली. नोकरी कायम झाली आणि मग आजीला मुंबईला आणलं. हा क्रम लक्षात ठेवा: आधी नोकरी पक्की, मग खोली, मग संसार.

खोली परळच्या एका खाजगी चाळीत. दहा बाय बारा, बाहेर सामायिक गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. आता याच वेळी एक कायदा आला, ज्याने आमच्यासारख्या लाखो घरांचं आयुष्य ठरवलं. तो म्हणजे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. घरमालकाला भाडेकरूला सहजी काढता येईना, आणि भाडेकरू वारला तर बरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळू लागला. कायदा होता तात्पुरता, फाळणी आणि युद्धानंतरच्या टंचाईपुरता. पण त्याला मुदतवाढ मिळत गेली ती पन्नास वर्षं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी आता वाजवी राहिली नाहीत असं सांगितलं, तेव्हा कुठे १९९९ चा नवा कायदा झाला आणि वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली.

याचा अर्थ काय झाला बघा. आजोबांकडे खोलीची मालकी नव्हती, पण हातात भाडेपावती होती, आणि ती मालकीपेक्षा फार कमी नव्हती. भाडं वाढणार नाही, कुणी बाहेर काढणार नाही, आपल्यामागे मुलाला मिळणार. वर कायमची नोकरी, १९४८ पासून कामगार विम्याचा कायदा, १९५२ पासून प्रॉव्हिडंट फंडाचा. अशा माणसाने स्वतःचं घर घ्यायचं तरी कशाला? शिवाय त्याला कर्ज देणार कोण होतं? बँकांच्या लेखी साचेवाला हे गिऱ्हाईकच नव्हतं.

घरमालकाची बाजूही सांगायला पाहिजे, कारण आमच्या घरात ती कधीच कुणी सांगत नाही. गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. मग मालक दुरुस्ती करत नाही, पागडी मात्र हातोहात रोख घेतो (पागडीला कायद्याची मान्यता १९९९ च्या कायद्यानेच मिळाली). इमारती पडायला लागल्या तेव्हा सरकारने उपकर लावून १९७१ मध्ये दुरुस्ती मंडळ काढलं. आमच्या चाळीला तीन पिढ्या टेकू लागलेले आहेत. ज्या कायद्याने आजोबांना छप्पर दिलं, त्याच कायद्याने ते छप्पर गळकं ठेवलं. आणि नवीन येणाऱ्याला भाड्याची खोली मिळणं अवघड झालं, कारण एकदा दिलेली खोली परत येत नाही हे कळल्यावर भाड्याने द्यायला कोण बांधणार?

हा 'नवीन येणारा' म्हणजे नेमके माझे बाबा. ते जन्माने मुंबईकरच, पण खोली एक आणि भाऊ दोन.

मालकीच्या फ्लॅटची कल्पना मुंबईत तशी जुनी नाही. सारस्वत मंडळींनी १९१५ मध्ये गावदेवीला सहकारी गृहसंस्था काढली, पण तिथेही मालक संस्था आणि सभासद तिचे भाडेकरू. राज्याचा सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, ओनरशिप फ्लॅटचा १९६३ चा. 'ओनरशिप' हा शब्द आपल्या आईवडिलांच्या तोंडी ज्या आदराने येतो, त्याचं वय एवढंच. एचडीएफसी १९७७ मध्ये निघाली (२०२३ मध्ये ती बँकेत विलीन झाली), पण सुरुवातीला गृहकर्ज हा मोजक्या लोकांचा मामला होता.

बाबा १९७८ मध्ये सरकारी कार्यालयात क्लार्क म्हणून लागले. त्यानंतर चार वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबा तेव्हा चौपन्न वर्षांचे. त्यांना गिरणीने परत घेतलं नाही. ती दोन वर्षं घर बाबांच्या पगारावर चाललं. बाबांचं लग्न त्यामुळे लांबलं, हे मला आईकडून कळलं. बाबा स्वतः कधी बोलत नाहीत. मला वाटतं, 'डोक्यावर आपलं छप्पर पाहिजे' हा त्यांचा हट्ट त्या दोन वर्षांतला आहे. कायमची नोकरी जाऊ शकते, हे त्यांनी घरात बघितलं होतं.

फ्लॅट १९९१ मध्ये झाला. डोंबिवली पूर्व, वन रूम किचन. पैसे कसे जमले तो हिशेब बाबांना अजून तोंडपाठ आहे: सरकारचं घरबांधणी अग्रिम, पतपेढीचं कर्ज (दोन जामीनदार कार्यालयातलेच), प्रॉव्हिडंट फंडातून काढलेली रक्कम आणि आईच्या बांगड्या. पुढे रोज लोकलने येऊन-जाऊन तीन तास. म्हणजे घर मालकीचं झालं आणि त्यात राहायला वेळ उरला नाही, हा डोंबिवलीकरांचा जुना विनोद. पण जमेची बाजू अशी की पगार, बढती, निवृत्ती आणि पेन्शन सगळं आधीच छापील होतं. कर्ज कधी फिटणार याची तारीख सांगता येत होती. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची ती जुनी पेन्शन बंद केली, तेव्हा बाबा म्हणाले, "आम्ही शेवटच्या गाडीत बसलो."

आमच्या पिढीने सगळा क्रमच उलटा केला. १९९९ ते २००१ या तीन अर्थसंकल्पांत गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत वाढत वाढत दीड लाखावर गेली. व्याजदर चौदा-पंधरा टक्क्यांवरून २००४ पर्यंत साडेसात-आठवर आले. आणि नेमकी त्याच वेळी सॉफ्टवेअरची नोकरी आली. माझ्या मावसभावाने २००४ मध्ये वाकडला फ्लॅट घेतला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. नोकरीला तीन वर्षं, कर्ज वीस वर्षांचं. बाबांनी कपाळावर हात मारला. त्यात गंमत 'फ्लोटिंग' दराची. २००८ पर्यंत दर चढले तेव्हा बँकेने हप्ता वाढवला नाही, मुदत वाढवली. चार वर्षं हप्ते भरून कर्जाची शिल्लक वर्षं सुरुवातीपेक्षा जास्त! आजोबांनी आधी नोकरी पक्की केली आणि मग खोली घेतली. दादाने आधी घर घेतलं आणि ते फेडण्यासाठी पुढची वीस वर्षं नोकरी पक्की ठेवायची जबाबदारी स्वतःवर घेतली. याला उधळपट्टी म्हणायचं का धाडस, ज्याने त्याने ठरवावं. पण त्याच्या जागी १९७८ चे बाबा असते तर त्यांना असं कर्ज कुणी दिलंच नसतं, हे नक्की.

राहता राहिला मी. इथे तीस वर्षांचं ठरावीक व्याजाचं कर्ज आपण गृहीत धरतो, पण तेही सरकारनेच घडवलेलं आहे. १९३० च्या मंदीआधी अमेरिकेत पाच-दहा वर्षांची कर्जं आणि शेवटी एकरकमी मोठी परतफेड असा प्रकार होता. १९३४ च्या कायद्याने सरकारी हमी आली, १९४४ च्या कायद्याने महायुद्धातल्या सैनिकांना सवलत मिळाली, आणि १९४० मध्ये शेकडा ४४ असलेली स्वतःच्या घरांत राहणारी कुटुंबं १९६० मध्ये ६२ झाली. (कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना त्या हमीतून पद्धतशीर वगळलं गेलं, हेही त्याच इतिहासात आहे.) नशिबाचा भाग इथेही आहेच. जानेवारी २०२१ मध्ये व्याज सरासरी २.६५ टक्के होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९. तेच घर, तोच पगार, पावणेतीन वर्षांचा फरक.

पण माझी अडचण व्याजाची नाही. कर्ज तीस वर्षांचं, व्हिसा तीन वर्षांचा. १९९० च्या कायद्यातली दर देशामागे सात टक्क्यांची मर्यादा आणि भारतीयांची रांग यांबद्दल आपल्यातल्या कुणाला वेगळं सांगायला नको. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस. बाबांना हे समजावताना मी म्हटलं, "बाबा, मी बदलीवाला आहे. रोज दारात उभं राहत नाही एवढंच." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण आजोबांना भाडं तरी वाढत नव्हतं."

हे मात्र त्यांचं बरोबर आहे. माझं भाडं दरवर्षी वाढतं.

परळच्या खोलीत आता काका राहतात. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी किती वर्षं चालली आहेत ते विचारू नका. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक मोठा वाटा लोकांच्या घरांसाठी आणि मैदानांसाठी मिळणार होता. २००१ मध्ये नियम बदलून तो फक्त मोकळ्या जागेपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. जे उरलं त्यातून संपाच्या वेळी कामावर असलेल्या कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. त्यानंतरच्या सोडतींत पनवेलजवळच्या कोन इथली घरंही दिली गेली. आजोबा २००३ मध्ये गेले, पण अर्ज त्यांच्याच नावाने भरलेला आहे, वारस म्हणून काकांची सही. नंबर अजून लागलेला नाही. लागला तर यादीत आजोबांचं नाव छापून येईल, घराचा मालक म्हणून, पहिल्यांदाच.