छपराखालचा घुमट

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्क शहराच्या तटबंदीला मिकलगेट बार नावाची जुनी वेस आहे. वेशीबाहेर पडताच रस्त्याच्या कडेला विटांची एक भारदस्त इमारत दिसते. एखाद्या सधन कुटुंबाची हवेली वाटावी असा तिचा दर्शनी भाग आहे. आत मात्र १७६९ साली पूर्ण झालेले एक देखणे प्रार्थनामंदिर आहे. त्याला घुमट आहे, पण तो रस्त्यावरून दिसत नाही. वास्तुविशारद थॉमस ॲटकिन्सन याने तो साध्या उतरत्या छपराखाली झाकून टाकला. मंदिराला आठ दरवाजे ठेवले आणि जमिनीखाली धर्मगुरूला दडून बसण्यापुरती एक पोकळी. त्या काळी कॅथलिक मिस्सा हा इंग्लंडमध्ये कायद्याने गुन्हा होता.

या मंदिराला लागूनच मुलींची शाळा भरत असे आणि शाळा चालविणे हाही गुन्हाच होता. १७०० सालच्या कायद्याने कॅथलिक व्यक्तीने शाळा काढल्यास तिला जन्मठेपेची शिक्षा सांगितली होती. ती तरतूद १७७८ साली रद्द झाली. पुढे विसाव्या शतकात त्याच शाळेतल्या मुलींच्या शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीतून होऊ लागला. ज्या राज्यसत्तेपासून घुमट लपवावा लागला, तिनेच फळ्या-बाकांचे पैसे द्यावेत, हे घडले तरी कसे? आपल्या धर्मग्रामांच्या अनुदानित शाळांत शिकलेल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये.

आरंभ करावा लागतो तो मेरी वॉर्ड यांच्यापासून. यॉर्कशरमधील रिपन गावाजवळ १५८५ साली त्यांचा जन्म झाला. त्या एक वर्षाच्या असताना यॉर्कमध्ये मार्गारेट क्लिदरो या खाटकाच्या पत्नीला, धर्मगुरूंना घरात आसरा दिल्याच्या आरोपावरून, वजनाखाली चिरडून ठार मारण्यात आले. त्या हुतात्मा स्त्रीच्या हाताचा पवित्र अवशेष पुढे याच मठात जपून ठेवला गेला. अशा वातावरणात वाढलेल्या मेरीबाई समुद्र ओलांडून आजच्या फ्रान्समधील सेंट ओमेर येथे गेल्या आणि काही मैत्रिणींना घेऊन त्यांनी इंग्रज मुलींसाठी शाळा काढली. त्यांची मागणी त्या काळाला झेपणारी नव्हती. येशूसंघीयांना जी नियमावली आहे तीच आम्हाला द्या, आम्ही मठाच्या भिंतीआड राहणार नाही, बिशपांच्या नव्हे तर थेट पोपमहोदयांच्या आज्ञेत राहू आणि मुलींना लॅटिनसुद्धा शिकवू, असे त्यांचे म्हणणे होते. १६२१ साली त्या हे मागणे घेऊन बरीचशी वाट पायी तुडवीत रोमला पोहोचल्या. रोम, नेपल्स, म्युनिक, व्हिएन्ना अशा शहरांत शाळा उभ्या राहिल्या, तसतशी कुजबुजही वाढली. बायकांचा उत्साह तो किती दिवस टिकणार, असे म्हणणारे त्या वेळीही होते. १६३१ साली पोप आठवे अर्बन यांनी आज्ञापत्र काढून संस्था बरखास्त केली. मेरीबाईंना म्युनिकच्या एका मठात कोंडून ठेवण्यात आले. तेथून त्या लिंबाच्या रसाने पत्रे लिहीत. कागद विस्तवावर धरला की अक्षरे उमटत. १६४५ साली यॉर्कजवळ त्यांचा अंत झाला.

येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. कॅथलिक मुलींच्या शिक्षणाच्या वाटेत काटे पेरले ते केवळ प्रॉटेस्टंट राजसत्तेने नव्हे. १७०३ साली रोमने नियमांना मान्यता दिली, परंतु मेरी वॉर्ड यांना संस्थापिका म्हणण्याची मुभा मिळायला १९०९ साल उजाडावे लागले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली त्यांच्या वीरोचित सद्‌गुणांना मान्यता दिली. आपल्या मुलींना ही गोष्ट सांगताना तेवढा भाग गाळू नये.

मेरीबाईंच्या पश्चात १६८६ साली फ्रान्सिस बेडिंगफील्ड यांनी, सर थॉमस गॅस्कॉइन यांच्या ४५० पौंडांच्या देणगीच्या बळावर, वेशीबाहेरचे घर घेतले. धर्मभगिनी साध्या घरगुती पोशाखात वावरत. सधन घरच्या मुलींसाठी वसतिगृहाची शाळा होती आणि तिच्या शेजारी गरीब मुलींसाठी विनाशुल्क शाळाही निघाली. डब्लिनची फ्रान्सिस बॉल नावाची मुलगी येथेच शिकली. तिने आयर्लंडमध्ये लोरेटो संघाची स्थापना केली आणि १८४१ साल सरता सरता त्या संघाच्या भगिनी कलकत्त्याला येऊन पोहोचल्या. मदर तेरेसा १९२८ साली प्रथम ज्या संघात दाखल झाल्या, कलकत्त्याच्या एन्टाली भागात ज्याच्या शाळेत त्यांनी भूगोल-इतिहास शिकविला, तो हाच. यॉर्कच्या त्या वेशीचे आपल्या देशाशी नाते जडले ते असे.

आता पैशाकडे वळू. ब्रिटिश सरकारने शाळांना पहिले अनुदान १८३३ साली दिले, ते दोन प्रॉटेस्टंट संस्थांमार्फत. कॅथलिकांना ते १८४७ पासून मिळू लागले. दुष्काळाने देशोधडीला लागलेली आयरिश कुटुंबे त्याच सुमारास लिव्हरपूल, मँचेस्टरच्या गल्ल्यांत येऊन पडत होती. १८५२ साली वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेत बिशपांनी ठरविले, की नव्या ठिकाणी आधी शाळा बांधावी. तूर्त तिच्यातच उपासना होईल. चर्चची इमारत मागाहून. १९०२ च्या कायद्याने स्थानिक करांतून धार्मिक शाळांना पैसा मिळू लागला, तेव्हा ‘करांच्या पैशावर रोम’ अशी हाकाटी झाली. कर न भरता तुरुंगात गेलेले लोकही निघाले. १९०७ पासून अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांना चौथा हिस्सा जागा प्राथमिक शाळांतील मुलांना विनाशुल्क देणे भाग पडले. गोदी कामगाराची हुशार पोर मठाच्या शाळेत जाऊन बसली ती या दारातून.

१९४४ चा कायदा निर्णायक ठरला. धार्मिक शाळांपुढे दोन वाटा ठेवल्या गेल्या. पहिलीत सारा खर्च सरकारचा, पण शिक्षकांच्या नेमणुका व धर्मशिक्षण यांवरचा हक्क बहुतांशी सोडायचा. दुसरीत हे हक्क राखायचे, पगार सरकार देणार, मात्र इमारतीचा निम्मा खर्च समाजाने उचलायचा. अँग्लिकनांच्या पुष्कळ शाळांनी पहिली वाट धरली. कॅथलिकांनी जवळजवळ एकमुखाने दुसरी धरली. त्यासाठी धर्मग्रामांनी वर्षानुवर्षे रविवारच्या वर्गण्या, सोडती आणि घरोघरच्या फेऱ्या केल्या. सरकारचा वाटा १९५९ साली ७५ टक्के, १९६७ साली ८०, १९७५ साली ८५ आणि चालू शतकाच्या आरंभी ९० टक्के झाला. या हिशेबात एक रक्कम कोठेच दिसत नाही. शाळेत शिकविणाऱ्या धर्मभगिनींना इतर शिक्षकांप्रमाणेच वेतन मिळे आणि दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या त्या बाया ते संघाच्या हवाली करीत. त्यातून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या.

त्या शाळांतला दिवस कसा असे? टोपी आणि हातमोजे रस्त्यातसुद्धा काढायचे नाहीत, इमारतीत वेगळे बूट, गॅलरीतून एका ओळीत मुकाट्याने चालायचे. दुपारी बारा वाजता आंजेलूसची घंटा झाली की भूमितीचे प्रमेय अर्ध्यावर सोडून मुली उभ्या राहत. मे महिन्यात पवित्र मरियमेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट, ऑक्टोबरात रोझरी. खेळांच्या गटांना इंग्लिश हुतात्म्यांची नावे. लॅटिन पक्के, साहित्य उत्तम. भौतिकशास्त्राला मात्र शिक्षिका मिळणे कठीण. शाळा संपताना मुलीपुढे शिक्षिका, परिचारिका किंवा मठ याच वाटा प्रामुख्याने ठेवल्या जात. तथापि जिच्या आईने गिरणीत आयुष्य काढले, तिला विद्यापीठाची पायरी चढता आली, हे विसरून चालणार नाही. आणि अकराव्या वर्षीच्या परीक्षेत नापास झालेली तिची बहीण दुय्यम समजल्या जाणाऱ्या शाळेतून पंधराव्या वर्षी कामाला लागली, हेही.

यॉर्कची शाळा डायरेक्ट ग्रँट प्रकारची होती. म्हणजे तिला अनुदान थेट मध्यवर्ती सरकारकडून येई. १९७५ साली सरकारने हा प्रकार बंद करण्याचे ठरविले. आमच्यात या अथवा खासगी व्हा, असा पेच पडला. अन्य शाळांपैकी बहुतेकींनी शुल्क घेणारे खासगी जीवन पत्करले. कॅथलिक शाळा मात्र बहुसंख्येने सर्वांसाठी खुल्या सरकारी शाळा झाल्या. शुल्क लावले असते तर आपल्याच धर्मग्रामांतील मुली दाराबाहेर राहिल्या असत्या. यॉर्कमध्ये १९८५ साली धर्मभगिनींनी आपली शाळा शहरातील इतर कॅथलिक शाळांबरोबर एकत्र केली आणि ऑल सेंट्स नावाची मुलामुलींची शाळा उदयास आली. जवळजवळ तीनशे वर्षे चाललेली फक्त मुलींची शाळा संपली. इंग्लंडमध्ये केवळ मुलींच्या सरकारी कॅथलिक शाळा अजूनही पुष्कळ आहेत. आता त्यांच्या मुख्याध्यापिका बहुधा प्रापंचिक असतात आणि वर्गांत मुस्लिम मुलीही बसतात.

वेशीबाहेरचे घर तेथेच आहे. आत वस्तुसंग्रहालय आहे. कौतुकाने घुमट पाहायला येणाऱ्याला आधी दारातून आत शिरून वर मान करावी लागते; बाहेरून आजही नुसते छप्परच दिसते. बाजूच्या गल्लीला शहराने नाव दिले आहे, ननरी लेन.