खर्ड्याचा माळ आणि नकाशातली 'पडीक' जमीन

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ निजामाचा पराभव झाला, त्यात मराठी सरदारांच्या एकजुटीइतकाच वाटा जागेचाही होता. मोहरीच्या घाटाने बालाघाटावरून उतरलेल्या निजाम अलीने निंबाळकरांच्या भुईकोटाचा आसरा घेतला. कोट भक्कम होता, पण भोवती टेकड्या. वरून तोफांचा मारा सुरू झाल्यावर दोनच दिवसांत तहाची बोलणी करावी लागली. याच मुलुखात आज जागेची पारख होते ती सौर प्रकल्पांसाठी, आणि तीही चुकली तर तितकीच महागात पडू शकते.

ही पारख संगणकावर होते. उंचीच्या मोजणीवरून उतार काढायचा, वर्षभराचं ऊन, वीज उपकेंद्रापासूनचं अंतर, रस्ता, जमिनीचा वापर असे थर एकावर एक ठेवायचे, प्रत्येकाला वजन द्यायचं आणि बेरीज करायची. पद्धत चोख आहे. पण खर्डा ज्यात येतं त्या जामखेड तालुक्यात ऊन सगळीकडे जवळपास सारखंच, त्यामुळे निवाडा होतो उरलेल्या थरांवर, आणि त्यांतला सर्वांत कच्चा थर पडीक जमिनीचा. माझं म्हणणं असं, की हा थर उपग्रहाने जन्माला घातलेला नाही. तो शेतसाऱ्याच्या हिशेबातून आलेला आहे. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरात जी मोजणी सुरू केली, तिची पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. शेतात खणून मातीची खोली पाहायची, रंग-पोत पाहायचा, चुनखडी, वाळू, उतार असे दोष निघाले की प्रत उतरवायची. खोल काळी माती सोळा आणे, उथळ मुरमाड रान कितीतरी खाली. ज्यातून पीक निघणार नाही, त्यावर सारा नाही. सातबाऱ्यावरचा पोटखराबा त्याच हिशेबाचा वारस आहे. सरकारच्या तिजोरीपुरता तो हिशेब बरोबर होता. घोटाळा पुढे झाला. ज्यावर सारा नाही ते रान कुणाच्याच उपयोगाचं नाही, असं मानलं गेलं. मार्च-एप्रिलच्या उपग्रहचित्रात वाळलेलं कुसळी गवत उघड्या मुरमासारखं दिसतं, भाद्रपदात तेच रान शेळ्यामेंढ्यांचं कुरण असतं. मेंढपाळ समाजातल्या अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यातलं. मेंढपाळांच्या मुलुखात माळाला रिकामा म्हणणं शोभत नाही.

यावर कुणी विचारील, मग काय काळ्या मातीत पॅनेल लावायची? मुळीच नाही. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर लागतात, आणि पिकाऊ जमीन त्यात घालवणं परवडणार नाही. शिवाय प्रकल्पाची गरज खरी आहे. २०१७ साली आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा आरंभ याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीपासून झाला, तो शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून. रात्रीच्या पाळीत, साप-विंचवांच्या वाटेने मोटार चालू करायला जाणाऱ्याला या विजेचं मोल सांगायला नको. पण माळ निवडायचा ठरला, तरी कोणता माळ, हा प्रश्न उरतोच. 'जागेवर पाहणी होतेच की' हे उत्तर मला पटत नाही. पाहणी होते ती नकाशाने आधीच निवडलेल्या जागांची, आणि तिथे पाहिलं जातं ते नकाशाने विचारलेलंच: सावली पडते का, खडक किती खोलीवर आहे, ट्रक पोचेल का. गुरं कोणत्या महिन्यात कुठून जातात, हा रकाना तिथे नसतो.

तो रकाना भरता येतो. गायरान, मेंढ्यांच्या वाटा, ओढे, पाणवठे हे ग्रामसभेत बसून नकाशावर उतरवावेत, ऋतूप्रमाणे वेगळे दाखवावेत आणि उताराइतकंच वजन त्यांना द्यावं. जिथे चराई टाळता येत नाही, तिथे पॅनेल उंच बसवून खाली मेंढ्या चरू द्याव्यात. पाण्याचाही विचार इथेच व्हावा, कारण पॅनेलवरची धूळ धुवायला पाणी लागतं आणि हा अवर्षणाचा पट्टा आहे. विहीर किती अंतरावर आहे एवढं नोंदवून भागत नाही. उन्हाळ्यात त्या विहिरीवर आधीच कोणत्या वस्त्या अवलंबून असतात, हेही त्याच नकाशावर हवं.