घोड्याला परवानगी, सायकलला बंदी : अमेरिकेतला ‘वाइल्डरनेस’ वाद काय आहे?

अमेरिकेतल्या अनेक डोंगरवाटांवर घोडा नेता येतो, पण सायकल नाही. असं का?

कायदा काय सांगतो?
१९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यानुसार, संसदेने ‘वाइल्डरनेस’ जाहीर केलेल्या सरकारी जमिनीवर मोटारी आणि ‘यांत्रिक वाहतुकीची’ इतर साधनं चालत नाहीत. आज असं क्षेत्र ११ कोटी एकरांहून जास्त आहे.

मग सायकलचं काय?
कायद्यात सायकलचा उल्लेखच नाही. १९६६ च्या वन विभागाच्या नियमांत, सजीवाच्या ताकदीवर न चालणारं साधन म्हणजे ‘यांत्रिक’, असा अर्थ होता. १९८४ मध्ये मात्र सायकलवर स्पष्ट बंदी आली.

फटका कुणाला?
वाट तीच राहते, जमिनीचा दर्जा बदलतो. २०१५ मध्ये आयडाहोतल्या व्हाइट क्लाउड्स डोंगरांना हा दर्जा मिळाला आणि सायकलस्वारांच्या आवडत्या वाटा बंद झाल्या. त्यामुळे निसर्गप्रेमी सायकलस्वारही कधीकधी नव्या संरक्षणाला विरोध करतात.

बंदीच्या समर्थकांचं म्हणणं वेगळं आहे : यंत्रांपासून दूर अशा थोड्या जागा तरी उरायला हव्यात. एकदा सूट दिली की पुढच्या मागण्या येणारच.

मधला मार्ग आहे का?
आहे. कोलोरॅडोत २०१४ च्या हर्मोसा क्रीक कायद्याने काही भाग वाइल्डरनेस केला, तर शेजारचा भाग ‘विशेष व्यवस्थापन क्षेत्र’ ठरवला. तिथे जंगलालाही संरक्षण मिळालं आणि सायकलची वाटही खुली राहिली.

म्हणजेच, खरा प्रश्न नकाशावर रेघ कुठे ओढायची, हा आहे.