बीडच्या ‘कोयत्या’चे आरोग्य : गाव, फड आणि घर

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील अनेक गावे ओस पडू लागतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि ऊसतोड कामगारांच्या टोळ्या ट्रॅक्टर-ट्रकमधून रवाना होतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंतचे पाच-सहा महिने उसाचा फड हेच त्यांचे कामाचे ठिकाण आणि कोपी हेच त्यांचे घर असते.

शहरातील कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्य तपासणी, विमा, भरपगारी रजा या गोष्टी रूढ झाल्या आहेत. फडावर यांपैकी काहीही नसते. गावातील उपकेंद्र, अंगणवाडी आणि शाळा यांच्याशी असलेला संबंधही हंगामात तुटतो. बीडमधील आरोग्य कार्यक्रमांची खरी कसोटी येथेच लागते. कामगार जेथे जाईल तेथे सेवा पोहोचली नाही, तर गावातील उत्तम योजनाही सहा महिने निरुपयोगी ठरते.

प्रश्न कसा पुढे आला?

बीडमधील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्याची माहिती त्याच वर्षी जून महिन्यात विधिमंडळात देण्यात आली. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढल्याचे आढळले. हे प्रमाण दर सहा महिलांमागे एक असे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये हेच प्रमाण देशभरात सुमारे तीन टक्के होते.

त्यानंतर जिल्ह्यात गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन खासगी रुग्णालयांवर घालण्यात आले. तरीही प्रश्न संपलेला नाही. जिल्हा आरोग्य यंत्रणेच्या २०२५ मध्ये समोर आलेल्या माहितीनुसार, २०२४-२५ च्या हंगामावर जाण्यापूर्वी ८४३ महिलांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्यांपैकी ४७७ महिला ३० ते ३५ वयोगटातील होत्या. याच हंगामात १,५२३ गर्भवती महिला फडात काम करीत होत्या.

कामाची रीत आणि आजार

तोडणीचे काम जोडप्याने केले जाते. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून दोघांची मिळून उचल घेतली जाते. एकाने सुट्टी घेतली तरी ‘खाडा’ पडतो आणि त्याबद्दल दिवसाला ५०० रुपये किंवा त्याहून अधिक कापले जातात. मासिक पाळी असो वा ताप, कामावर जाणे भाग पडते.

पहाटेपासून ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणे आणि त्यानंतर पाणी, सरपण व स्वयंपाक, असा महिलांचा दिवस असतो. फडावर शौचालय नसते, आंघोळीला आडोसा नसतो आणि पाळीचे कपडे धुण्या-वाळविण्याचीही सोय नसते. त्यातून जंतुसंसर्ग, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे हे त्रास सुरू होतात. हंगाम बुडू नये म्हणून उपचार लांबणीवर पडतात. गावी परतल्यावर कॅन्सरची भीती दाखविली गेली, की ‘पिशवी काढून टाकणे’ हाच सोपा मार्ग वाटू लागतो. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतूनच भागविला जातो.

शस्त्रक्रियेपूर्वी काय विचारावे?

पांढरे जाणे व जंतुसंसर्ग हे बहुतेक वेळा औषधांनी बरे होतात. अतिरक्तस्राव आणि लहान गाठी यांवरही अनेकदा औषधोपचार पुरेसा ठरतो. कॅन्सरची शंका असल्यास ती केवळ सोनोग्राफीवरून ग्राह्य धरू नये. गर्भाशयमुखाची तपासणी आणि आवश्यक तेथे तुकडा तपासणी करून घ्यावी. गर्भाशयासोबत अंडाशयेही काढल्यास रजोनिवृत्ती तत्काळ येते. कमी वयात असे झाल्यास हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

म्हणून पुढील गोष्टींचा आग्रह धरावा :

• आजाराचे नाव व तपासण्यांचे अहवाल लेखी मागावेत.
• औषधोपचार करून पाहिला आहे का, हे विचारावे.
• अंडाशये ठेवणार की काढणार, हे आधी स्पष्ट करून घ्यावे.
• दुसऱ्या डॉक्टरचे, शक्यतो शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व बीडचे जिल्हा रुग्णालय यांचा त्यासाठी उपयोग होऊ शकतो.

अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. ती सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

तपासणीचे तीन टप्पे

स्थलांतरापूर्वी व परतल्यानंतर अशी वर्षातून दोनदा आरोग्य तपासणी करून त्याची नोंद आरोग्यपत्रिकेत ठेवणे, ही या प्रश्नावरील महत्त्वाची उपाययोजना आहे. रक्तदाब, हिमोग्लोबिन, मधुमेह आणि स्त्रीरोगविषयक तक्रारी या तपासणीत पाहिल्या जाणे अपेक्षित आहे. गावपातळीवर या कामाचा भार प्रामुख्याने ‘आशा’ स्वयंसेविका वाहतात.

सर्वांत दुबळा टप्पा मधला, म्हणजे कारखाना परिसरातील आहे. गावातून निघताना रक्तक्षयाचे निदान झालेली महिला सांगली वा कोल्हापूरच्या फडावर पोहोचल्यावर तिची माहिती तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळाली, तरच गोळ्या पुढे सुरू राहतात. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये आणि तेवढीच रक्कम शासनाने देण्याची तरतूद आहे. या निधीतून फडावर फिरते पथक, शौचालय आणि पिण्याचे पाणी मिळाले, तर आजाराच्या मुळावरच इलाज होईल.

कुटुंब आणि किशोरवय

गर्भवतींनी माता-बाल संरक्षण कार्ड व मुलांच्या लसीकरणाची नोंद सोबत बाळगावी. राज्यातील कोणत्याही शासकीय आरोग्य केंद्रात तपासणी व लस मोफत मिळते. शासकीय रुग्णालयातील प्रसूतीही मोफत असून आपत्कालीन रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

किशोरवयीन मुलींचा प्रश्न स्थलांतराशीच जोडलेला आहे. मुलीला एकटे गावी कसे ठेवायचे, ही आई-वडिलांची चिंता असते. लग्न लावून दिले की ती मिटते आणि एक नवा कोयताही तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) बीडमधील २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के महिलांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. राज्याची सरासरी २१.९ टक्के आहे. लवकर लग्न, लवकर बाळंतपण आणि लगेच फडावरचे काम, या साखळीचा शेवट अनेकदा तिशीतील शस्त्रक्रियेत होतो.

केंद्राने २०१४ मध्ये सुरू केलेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयोगटासाठी आहे. पोषण, पाळीतील स्वच्छता, मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती यांविषयी त्यात समुपदेशन केले जाते. रक्तक्षय टाळण्यासाठी आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी शाळेत मिळते. मुलगी शाळेतून बाहेर पडली, की या सेवेतूनही बाहेर पडण्याचा धोका असतो. त्यामुळे वसतिगृह ही आरोग्याचीही सोय ठरते. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याची संत भगवानबाबा योजना शासनाने २०२१ मध्ये मंजूर केली. हंगामी वसतिगृहांमुळेही मुलांना गावीच राहून शिकता येते. बालविवाहाची माहिती चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावर देता येते.

शस्त्रक्रियेच्या परवानगीचा नियम रुग्णालयाच्या दारात लागू होतो. आजार मात्र त्याच्या कितीतरी आधी, फडावरील पाण्याविना काढलेल्या दिवसांत आणि न मिळालेल्या एका सुट्टीत सुरू झालेला असतो. पाळीच्या दिवसांत खाडा न कापण्याचा निर्णय मुकादम आणि कारखाने यांनी घेतला, तर त्यासाठी ना डॉक्टर लागेल, ना मोठा निधी.