टर्बो, तेल आणि सर्व्हिस बुक

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजार आवारात क्रेट भरून आलेल्या पिकअप गाड्यांची रांग लागते. यांतल्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनाला नारळाएवढा, गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला एक धातूचा भाग जोडलेला असतो. हाच टर्बोचार्जर. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी याच रस्त्यावर वडाप करणाऱ्या महिंद्राच्या जीप आणि टेम्पो ट्रॅक्स धावत. त्यांच्या डिझेल इंजिनांना टर्बो नव्हता. आज मात्र ‘टर्बो गेला’ असे फिटरने सांगितले की गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो. खर्च सहज पाच आकड्यांत जातो, गाडी कर्जावर घेतलेली असते आणि शेतातला माल थांबायला तयार नसतो. हीच भीती जाणून गाडी विकताना विक्रेता वाढीव वॉरंटी आणि ‘सर्व्हिस प्लॅन’ पुढे करतो. तो घ्यावा की नाही, ही चर्चा शिक्षकांच्या खोलीतही रंगते, कारण आता शिक्षकांच्या मोटारींतही टर्बो आला आहे. या चर्चेत टर्बो नेमका कशाने बिघडतो, हा प्रश्न क्वचितच निघतो. त्याचे उत्तर टर्बोच्या इतिहासात चांगले सापडते.

इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांश ऊर्जा धुराड्यातून तप्त वायूबरोबर निघून जाते. स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याला ही उधळपट्टी खुपत होती. बाहेर पडणाऱ्या वायूने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, म्हणजे त्याच आकाराच्या इंजिनात जास्त इंधन जाळता येईल, अशी त्याची कल्पना होती. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. ही कल्पना व्यवहारात यायला वीस वर्षे लागली, कारण तेवढ्या उष्णतेत टिकणारे धातू आणि तेवढ्या वेगाला पुरणारी बेअरिंगे तेव्हा नव्हती. १९२० च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसवला, तेव्हा १,७५० अश्वशक्तीची इंजिने २,५०० अश्वशक्ती देऊ लागली.

दरम्यान विमानांनी वेगळीच गरज निर्माण केली होती. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम तुटतो. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने ‘लिबर्टी’ हे विमानाचे इंजिन ट्रकवर लादून सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन शिखरावर टर्बोशिवाय २३० अश्वशक्ती देत होते, टर्बो जोडल्यावर ३५६. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असते आणि ३५० चे ६५ टक्के म्हणजे जवळपास २२८. मॉसचा आकडा हवेच्या घनतेनेच ठरला होता, हे मुलांना स्वतःच दिसेल. आपल्या जुन्नरची उंची साधारण ७०० मीटर आहे, तिथे हवा सहा-सात टक्क्यांनीच विरळ असते. म्हणजे जुन्नरच्या गाडीला टर्बो लागतो तो उंचीमुळे नव्हे, तर लहान इंजिनाकडून मोठे काम करून घेण्यासाठी.

मोटारीत टर्बो आला १९६२ साली. त्या वर्षी जनरल मोटर्सने दोन मोटारी बाजारात आणल्या. त्यांपैकी ओल्ड्समोबिल जेटफायर या मोटारीची कहाणी आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. साडेतीन लिटरच्या पेट्रोल इंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळवण्यासाठी तिच्यात टर्बोने हवा दाबली जाई. पण दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या मिश्रणाचा वेळेआधी स्फोट झाला तर इंजिन ठोके देऊ लागते. यावर उपाय म्हणून ऊर्ध्वपातित पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण हवेच्या वाटेत फवारण्याची सोय केली होती. पाण्याचे बाष्प होताना उष्णता शोषली जाते, हे तत्त्व आपण माठातल्या पाण्यावरून शिकवतोच. विज्ञान चोख होते. मात्र या द्रवाची वेगळी टाकी मालकाने वेळोवेळी भरायची होती. टाकी रिकामी झाली की धोक्याचा दिवा लागे आणि एक झडप टर्बोचा दाब उतरवून टाके. अनेक मालकांनी टाकी भरलीच नाही. मग गाडीत दम नाही अशा तक्रारी घेऊन ते विक्रेत्याच्या दारात उभे राहू लागले. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या बनल्या आणि उत्पादन थांबले. १९६५ साली कंपनीने टर्बो काढून त्याजागी साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली, आणि पुष्कळ मालकांनी ती स्वीकारली.

जेटफायरच्या मालकांना आळशी म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला ते पटत नाही. ज्या द्रवाचे काम काय हे कोणी नीट समजावले नाही, तो विकत आणून भरत राहण्याची अपेक्षा फार दिवस टिकणारी नव्हती.

पुढे इंजिनांनी ही वेगळी टाकी टाकून दिली. १९७८ पासून मर्सिडीजच्या डिझेल मोटारींत टर्बो दिसू लागला. डिझेल इंजिनात आधी हवाच दाबली जाते आणि इंधन शेवटी फवारले जाते, त्यामुळे वेळेआधी स्फोटाची अडचण उरत नाही. टर्बो आणि डिझेल यांची जोडी जमली ती यामुळे. पण एका द्रवावरचे अवलंबन कायम राहिले. तो द्रव म्हणजे इंजिन ऑइल.

मोटारीतल्या टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्याला सहसा छर्ऱ्यांचे बेअरिंग नसते. दाबाने आलेल्या ऑइलच्या, काही शतांश मिलिमीटर जाडीच्या थरावर तो अक्षरशः तरंगत असतो. त्याच्या एका टोकाला डिझेल इंजिनात ७००-८०० अंश सेल्सिअसचा वायू आदळतो, पेट्रोल इंजिनात त्याहून तापलेला. हेच ऑइल वंगणाचे काम करते आणि उष्णताही वाहून नेते. आता कल्पना करा: भरलेली गाडी मुरबाडच्या बाजूने माळशेज घाट चढून आली आणि माथ्यावर धबधबा पाहायला चालकाने थांबताक्षणी किल्ली फिरवली. ऑइलचा पंप थांबला, पण टर्बाइनच्या आवरणातली उष्णता थांबत नाही. ती बेअरिंगकडे सरकते, तिथे साचलेले ऑइल करपते आणि त्याचा कोळशासारखा थर तयार होतो. असे वारंवार झाले की ऑइलची बारीक वाट बुजते आणि एक दिवस दांडा कोरडा फिरतो. गाडी बंद करण्याआधी मिनिटभर मंद चालू ठेवावी, हा फिटरचा सल्ला याच कारणाने बरोबर आहे. १९८० च्या दशकानंतर अनेक टर्बोंना पाण्याचे शीतन मिळाले आणि हा धोका कमी झाला. बाजारात जाऊन सावकाश परत आलेल्या गाडीला ही मिनिटभराची तपश्चर्या लागत नाही. चढ चढून किंवा महामार्गावर वेगाने येऊन लगेच थांबलेल्या गाडीला लागते.

दुसरा शत्रू धूळ. उसाच्या हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर ती भरपूर असते. फाटक्या किंवा नीट न बसवलेल्या एअर फिल्टरमधून गेलेले कण टर्बोच्या हवेकडच्या पात्यांच्या कडा झिजवतात.

जुन्या ट्रॅक्सच्या काळात इंजिन बांधणे हे गावातल्या फिटरच्या हाताचे काम होते. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळे उघड्या बाजारात मिळे आणि बिघाड कानाने ओळखता येई. १९९८ साली पुण्याच्या टाटा मोटर्सची, म्हणजे तेव्हाच्या टेल्कोची, सफारी टर्बो डिझेल इंजिन घेऊन आली, २००२ साली महिंद्राची स्कॉर्पिओ. मग प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. भारत स्टेज चार हे मानक एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले, तर एप्रिल २०२० पासून सहा. कमी धूर आणि जास्त ताकद एकत्र हवी तर टर्बो आणि संगणकाच्या ताब्यातले इंधन यांना पर्याय उरला नाही. बिघाड ओळखायला कंपनीचे स्कॅन यंत्र लागू लागले, आणि फिटरचा कान तिथे अपुरा पडला.

इथे प्रश्न यंत्राचा न राहता हक्काचा झाला. २०११ साली एका ग्राहकाने तीन मोटार कंपन्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजला मिळूच दिली जात नाहीत. चौकशी वाढत गेली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने त्यात म्हटले. कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेत १९७५ च्या वॉरंटी कायद्याने अशाच अटींना लगाम घातला होता. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले.

मग प्लॅन घ्यावा का? वाढीव वॉरंटी हा एक विमा आहे. टर्बो त्यात येतो का, आणि कोणत्या कारणाने नाकारला जातो, हे सही करण्याआधी कागदावर वाचावे. तोंडी आश्वासनाला किंमत नाही. आगाऊ पैसे भरून घेतलेला सर्व्हिस प्लॅन ही वेगळी गोष्ट. त्यातले वेळापत्रक सरासरी वापरासाठी आखलेले असते. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ‘कठीण वापर’ असा वेगळा उल्लेख असतो: धुळीचे रस्ते, घाट, जड ओझे, वारंवार छोट्या फेऱ्या. अशा वापरात ऑइल आणि फिल्टर लवकर बदलावेत असे तिथेच लिहिलेले असते. घोडेगाव-डिंभे-भीमाशंकर असा रोजचा फेरा करणाऱ्या गाडीला ही सगळी विशेषणे एकदम लागू पडतात, पण प्लॅन देणारा तो उल्लेख सहसा दाखवत नाही. उलट इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग अशी पुस्तिकेत नसलेली कामे बिलात येतात. ती नाकारण्याचा अधिकार मालकाला आहे. माझ्या मते पैसे वाचवायचेच असतील तर तिथे वाचवावेत. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे ऑइल आणि अस्सल एअर फिल्टर यांत काटकसर करू नये. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले तर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा दर्जा लिहिलेले पक्के बिल जपून ठेवावे. वाद झाला तर तोच पुरावा.

ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले, हा समज मात्र काढून टाकायला हवा. १९३० च्या दशकात डिझेल इंजिनांच्या रिंगा काजळीने चिकटू लागल्या, तेव्हा साबणासारखे काम करणारी रसायने ऑइलमध्ये मिसळण्याची पद्धत आली. ही रसायने काजळीचे कण अलग ठेवतात, म्हणून चांगले ऑइलही काळेच दिसते. शाळेत याचा एक सुरेख प्रयोग होतो. वापरातल्या ऑइलचा एक थेंब गाळणकागदावर टाकून तो आडवा, अधांतरी ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. डाग मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू फिकट होत गेला असेल तर ऑइल अजून काजळी धरून आहे. मधोमध गडद ठिपका आणि भोवती स्वच्छ तेलकट वर्तुळ दिसले, तर त्याची धारणशक्ती संपली आहे.

भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांसाठी मुलांना आणखी एक निरीक्षण देता येईल. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती जाळून साफ होण्यासाठी काही वेळ सुमारे ६०० अंश तापमान लागते. मंचर ते अवसरी अशा आखूड फेऱ्यांत ते टिकत नाही आणि साफसफाई अर्धवट राहते. त्यासाठी जादा फवारलेले डिझेल अनेक गाड्यांत ऑइलमध्ये झिरपते. अशा गाडीत ऑइलच्या काठीवरची पातळी घटण्याऐवजी चढत जाते आणि पातळ झालेले तेच ऑइल टर्बोच्या दांड्याकडे जाते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असताना, महिन्याच्या पहिल्या तारखेला पातळी वहीत टिपून ठेवायला मुलांना सांगावे.